तणाचं पान

वहीत कापसाला एक पान, केळीला चार,
डिझेलचं वेगळं.
तणाला पान नव्हतं कधी.
निंदणी म्हणून एक ओळ असायची मजुरीच्या पोटात:
बाया किती, दिवस किती, चहा-गूळ किती.

मग ती ओळही गेली.
चोपड्याहून बी आलं, पाकिटावर नाव नाही, बिल नाही.
दुकानदार आवाज उतरवून म्हणाला,
वरून खुशाल मारा, कपाशीला काही होणार नाही.
नाहीच झालं.
पंपाला ऐंशी मिली.
चौथ्या दिवशी सऱ्या पिवळ्या, आठव्या दिवशी
झाडून घेतलेल्या ओट्यासारख्या.
यशोधन बांधावर उभा राहून फोटो काढत होता.
मी लिहिलं, निंदणी: शून्य.
शून्य काढताना पेन किती सहज फिरतं.

भुरीबाईला फोन केला, यंदा नको.
ती म्हणाली, बरं.
पुढच्या वर्षी फोनही करावा लागला नाही.

ऐंशीचे शंभर झाले.
शंभराचे दीडशे, वर मूठभर युरिया,
कुणी म्हणालं मीठ टाका, तेही टाकलं.
कुंजरू गेलं, घोळ गेली, दुधी गेली.
केना मात्र
दोन दिवस मान टाकायचा, आमची मर्जी राखायला,
आणि पाऊस शिंपडून गेला की
कांड्याकांड्याला मुळ्या फोडून हजर,
वर नखाएवढं निळं फूल.
उपटून पाहिला तर मातीखालीही फुललेला,
तिथे, अंधारात, बी धरून.

फवारणीवाला मोतीराम पंप पाठीवरून उतरवून
पाणी प्यायला आणि म्हणाला,
वहिनी, हाई मरस नही.
एवढंच. पण त्याने त्या दिवशीचे पैसे
दहा रुपये कमी घेतले.

रात्री वही उघडली आणि मला सासरे आठवले.
खळ्यात दादरची कणसं पसरून
एकेक उचलायचे, भरलेलं, ताठ,
पावसाला न काळवंडलेलं,
आणि म्हणायचे, हे बियाण्याला.
पाच वर्षं आम्हीही तेच केलं की.
दर आषाढात औषध घालून पाहिलं,
लेचंपेचं काढून टाकलं,
आणि जे तगलं, कणखर, हट्टी, आमच्या डोळ्यादेखत,
ते बियाण्याला ठेवलं.
अख्ख्या शिवारात एवढी चोख निवड
कुणी कुठल्या पिकाची केली नसेल.

तेव्हा तणाला पान दिलं.
औषध, तीन वेळा. पंपवाला, तीन वेळा.
सरींत कोळपं अडकून मोडलं त्याचं वेल्डिंग.
बोंडं कमी लागली, ती किती, हे कसं लिहायचं?
तिथे पेन्सिलीने टिंब ठेवलं.

मग पाड्यावर फोन.
अर्ध्या बाया गुजरातेत, ऊसतोडीला.
भुरीबाई म्हणाली, येते. पण सात जणी, सकाळी आठ ते एक,
रिक्षाचं भाडं तुमचं,
आणि दर मी सांगेन तो.
मी म्हटलं, बरं.
तिचाच शब्द होता, तिलाच परत गेला.

ती सरीत बसली तशी पाच वर्षं मधे गेलीच नाहीत.
विळा मुळाशी, डावा हात पाल्यावर,
आणि सवयीने कोवळे शेंडे ओटीत.
भाजीला.
पहिल्या पावसाळ्यात मीही तिच्याकडूनच शिकले होते,
बेसन पेरून, लसूण जास्त.

तिने मान वर केली. याच्यावर काय मारलंय?
मी सांगितलं. किती वेळा, तेही.

ओटी तिने बांधावर झटकली,
हात लुगड्याला पुसले,
पुढची सरी धरली.
काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पानावर तिची मजुरी लिहिली, रिक्षा लिहिली.
खाली एक ओळ मोकळी राहिली आहे,
तिथे काय लिहायचं ते ठरत नाही.

चौथ्या दिवशी बांधावरून गेले.
तिने झटकलेले शेंडे वाळायला हवे होते.
एका कांड्यातून, पांढरं, शिवणाच्या दोऱ्याएवढं,
मूळ खाली उतरत होतं.